यशूचा बेल्ट आणि माझ्या तीन थापा

धान पिवळा पडायला लागला की आमच्या घरचे फोन वाजायला लागतात. "तुमच्या गावची मंडई कधी हाय?" एवढाच प्रश्न असतो, पण त्या प्रश्नामागे अख्खं गणगोत पिशव्या भरून तयार असतं. दिवाळी आटोपली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, आणि त्या दिवशी त्या गावातल्या घराघरात पाहुणे. बाजार असतो, नाचगाण्याची दंडार असते, नाटक असतं; पण खरी मंडई अंगणात सतरंजीवर भरते, जिथे सगळे सगळ्यांची चौकशी करतात. यंदाही फोन सुरू झालेत. मी उचलला तर पलीकडचा माणूस दोन शब्द बोलतो आणि म्हणतो, "बरं, यशूले दे. तू राहू दे." माझ्या शब्दावरचा गणगोताचा विश्वास एका मंडईत उठला. कसा उठला ते मीच सांगतो. नाहीतरी दुसरे सांगतातच, आणि तिखटमीठ लावून सांगतात.

मी कालव्यावरचा माणूस. पाटबंधारे खात्यात निरीक्षक. चोरखमाऱ्याच्या तलावातून सुटलेलं पाणी शेवटच्या शेताच्या बांधीपर्यंत पोहोचलं की नाही हे बघत फटफटीवर हिंडणं, हा माझा धंदा. कालव्याच्या शेवटच्या टोकाला आम्ही टेल म्हणतो. टेलचे शेतकरी जन्मभर एकच वाक्य बोलतात: "साहेब, आमच्याकडं पाणीच येत नाई." आणि वरचे शेतकरी जन्मभर मान हलवतात, जणू पाणी त्यांच्या शेताला बघून आपणहून थांबलं. आश्विनात धान पोटरीवर येतो, त्याला शेवटचं पाणी हवं असतं, तेव्हा ह्या दोन पक्षांच्या मध्ये उभा राहून शिव्या खायचा मला पगार मिळतो. आता हे लिहिताना खिडकीतून पिकत आलेल्या धानाचा तो वास येतो आहे. बाकीच्यांना त्या वासानं भूक लागते. मला मात्र यशूचा तो हंगाम आठवतो, रोवण्यापासून मंडईपर्यंतचा.

यशू म्हणजे यशोधरा, माझी मुलगी. त्या वर्षी ती नववीत होती आणि ताडासारखी वाढत होती. रोवण्याला सुट्टीच्या दिवशी तीही हौसेनं चिखलात उतरली. बायांची रांग वाकून मागेमागे सरकत होती, हात टपटप धानाची रोपं, पऱ्हे, रोवत होते, आणि मी बांधाच्या धुऱ्यावर छत्री घेऊन मालकासारखा उभा होतो. माझी मोठी बहीण शेवंताबाई पऱ्ह्याच्या पेंड्या टाकायला माझ्या बाजूला आली आणि तिथेच थबकली.

"अरे, तुझ्या पोरीची पाठ एका अंगानं वर काऊन उठून राहिली?"

"चिखलात पाय फसला असंल," मी म्हणालो.

"पाय फसला तं पाय दिसंल रे, बरगडी कायले दिसंल? बघ न डोळे उघडून. साऱ्याईच्या पाठी सपाट हायेत, हिची उजवीकडं बांधावाणी हाय."

मी बघितलं. खरंच होतं. सकाळपासून मी त्याच रांगेकडे बघत होतो आणि पऱ्हे ओळीत पडतात की नाहीत एवढंच मला दिसलं होतं. कालव्याचा भराव वीतभर खचला तर लांबून ओळखणारा मी, पण पोरीची पाठ माझ्या हद्दीत येत नव्हती बहुतेक.

नागपूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी यशूला तसंच पुढे वाकायला लावलं, बाया रोवताना वाकतात तसं. मग एक्स-रे काढला. काळ्या काचेसारख्या फिल्मवर तिचा कणा दिसला, इंग्रजी एस अक्षरासारखा हलकेच वळलेला. नाव सांगितलं: स्कोलिओसिस. मी लगेच दप्तराच्या ओझ्यावर घसरलो. शाळा, शिक्षणपद्धती, पुस्तकांची जाडी, सगळ्यांना मी तिथे दोषी ठरवलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दप्तरानं होत नाही हे. बसण्यानंही नाही. बहुतेक मुलांमध्ये कारण सापडतच नाही. आता प्रश्न कारणाचा नाही. ती वाढते आहे, हा प्रश्न आहे."

ते वाक्य मी घरापर्यंत गाडीत उराशी धरून आणलं. वाढ थांबेपर्यंत वळण वाढू शकतं. फार वाढलं तर ऑपरेशन, कण्यात सळ्या. वाढू द्यायचं नसेल तर दिवसाचा बहुतेक वेळ आणि रात्रभर घालायचा एक कडक बेल्ट, आणि रोजचे खास व्यायाम. हिवाळ्यात परत फोटो काढायचा, तेव्हा ठरेल. पोर वाढावी म्हणून माणूस दूध देतो, अंडी देतो. त्या हंगामात तिचा फ्रॉक बोटभर आखूड झालेला दिसला की मी टेप घेऊन तिची उंची मोजायला धावायचो. आमच्याकडे युरिया जास्त झालेला धान भसाभस वाढतो आणि एका वाऱ्यात लोळतो. मी अंथरुणात पडल्यापडल्या शेजारच्या खोलीत झोपलेल्या पोरीला मनातल्या मनात सांगायचो, जरा दमानं वाढ बाई.

व्यायामाला आम्ही गोंदियाला जायचो. फिजिओ मॅडम तरुण होत्या, हिंदी बोलायच्या, आणि यशूशी बोलताना माझ्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत, हे मला आधी फार लागलं. पहिल्याच दिवशी निघताना त्या म्हणाल्या, "अंकल, अगली बार घर से थोड़ा चावल लेते आना."

आता ह्यात माझी काय चूक ते तुम्हीच सांगा. खेड्यातल्या माणसाची शहरात ओळख झाली की तो माणूस आज ना उद्या आमचा वासाचा चिन्नोर तांदूळ मागतो. साहेब मागतात, मास्तर मागतात, माझ्या फटफटीचा मेकॅनिकही मागतो. मला वाटलं, मॅडम मोकळ्या स्वभावाच्या आहेत, पहिल्याच भेटीत मागून टाकलं. पुढच्या वेळी मी चिन्नोरचा अख्खा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, फटफटीच्या टाकीवर आडवा टाकून नेला. यशू मागे बसून कट्ट्याला लाथ लागू नये म्हणून पाय पसरून बसली होती. कट्टा मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरून स्वतः खांद्यावर चढवला.

"अंकल, ये क्या है?"

"चावल. अपने घर का. खाके देखो, पूरी गल्ली में बास जाएगी."

मॅडमनी कट्ट्याकडे बघितलं, यशूकडे बघितलं, आणि तोंडावर ओढणी धरली. "मैंने छोटी-छोटी थैलियों के लिए बोला था. लेटके एक्सरसाइज़ करते टाइम पसली के नीचे रखनी हैं. इतने में तो पूरे गोंदिया की पीठ सीधी हो जाएगी."

यशू इतकी हसली की तिला बसावं लागलं. दवाखान्यात आल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती, त्यामुळे मी कट्टा परत खाली उतरवताना फारसा वैतागलो नाही. रात्री वंदनानं, म्हणजे माझ्या बायकोनं, जुन्या परकराच्या पिशव्या शिवल्या आणि त्यात तांदूळ भरला. भरताना एवढंच म्हणाली, "चिन्नोर कायले? जाडा भरला असता तं पसलीले काय कळलं असतं?"

व्यायाम बघायला सोपे आणि करायला अवघड होते. आरशासमोर उभं राहायचं, डोक्याला कोणी वरून दोरीनं ओढतंय असं समजून उंच व्हायचं, मग छाती इवलीशी बाजूला सरकवायची, मग तसंच धरून ठेवायचं. मी सोबत म्हणून तिच्या मागे उभा राहून करायचो. आरशात दोघं दिसायचो: पुढे ती, उंच व्हायचा प्रयत्न करणारी, मागे मी, पोट आत घ्यायचा प्रयत्न करणारा. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या कमरेत असा लचका भरला की मला भिंत धरून खाटेवर जावं लागलं. यशूनं तांदळाची पिशवी तव्यावर गरम करून माझ्या कमरेखाली ठेवली. "बाबा, तुम्ही नुसते बघत जा," ती म्हणाली.

सगळ्यात अवघड होता श्वास. कण्याच्या वळणामुळे तिच्या डाव्या बरगड्या आत दबल्या होत्या. मॅडम म्हणायच्या, श्वास तिकडे भर, दबलेल्या बाजूला, मागे, जिथे माझा हात आहे तिथे. यशूचा श्वास मात्र उजवीकडेच जायचा. उजवी आधीच फुगलेली, ती आणखी फुगायची. दोन आठवडे तेच. एकदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, नाही जात तिकडे."

व्यायाम चालू असताना मला बोलायला मॅडमची बंदी होती, तरी तोंडातून निघालंच. "जाणार कसं? वरच्यांची गेटं उघडी हायेत न."

मॅडम म्हणाल्या, "मतलब?"

मग मी सांगितलं. कालव्यात पाणी कमी असलं तर टेलला जोर लावून पोहोचत नाही. वरून जास्त सोडलं तरी वरचेच पितात. आधी वरची गेटं बंद करावी लागतात, धरून ठेवावी लागतात, मग पाणी आपणहून खाली जातं. हळूच जातं, पण जातं. यशू कालव्यावर लहानाची मोठी झालेली. तिनं डोळे मिटले. उजवी बाजू धरून ठेवली, खांदा पडू दिला नाही, आणि सावकाश श्वास घेतला. मॅडमचा हात तिच्या डाव्या पाठीवर होता. तो हात किंचित उचलला गेला. सुगीत पोतं भरताना कोपरा शेवटी फुगतो ना, तेवढाच.

"गया!" मॅडम ओरडल्या.

त्या दिवसापासून आमच्या घरात डाव्या बरगड्यांचं नाव टेल पडलं. "आज टेलले पाणी पोचलं का?" वंदना विचारायची. "थोडं पोचलं. वरचे लोक लई बदमाश हायेत," यशू सांगायची. माझ्या नोकरीचा घरच्या माणसांना इतका उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोळ बेल्टचा झाला, आणि तो मी केला.

बेल्ट म्हणजे कमरेला बांधायचा पट्टा नव्हे. काखेपासून कुल्ल्यापर्यंत पांढऱ्या प्लास्टिकचं कवच, मागे पट्ट्या. आत बनियन घालायचं, तेही घामानं भिजायचं. आश्विनाच्या उन्हात ती त्यात शिजायची, पण तक्रार करायची नाही. तक्रार लोकांच्या डोळ्यांची होती. फ्रॉकखाली तो फुगायचा, वाकताना कुरकुरायचा, आणि येणारा प्रत्येक जण विचारायचा, "पोरीनं हे काय घातलं?" मला एकच भीती. पोरीच्या पाठीत खोट आहे असं एकदा गणगोतात पसरलं की ते तिच्या लग्नापर्यंत मागे येईल. यशू चौदा वर्षांची होती आणि मी तिच्या लग्नातले रुसवे काढत बसलो होतो.

म्हणून मी थापा मारल्या. दवनीवाड्याचा माझा साळा धनराज आला, त्याला सांगितलं, यशूची योगाच्या स्पर्धेत निवड झाली आहे, त्याचा तो ड्रेस आहे. सालेकश्याचा चुलतभाऊ गौतम जंगल खात्यात आहे. त्याला सांगितलं, मोहाच्या झाडावरून पडली, बरगडीला मुका मार आहे. जंगलातल्या माणसाला जंगलातलं कारण द्यावं, असा माझा विचार. वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या काकूला काय सांगावं सुचेना, तेव्हा सांगितलं, नव्या प्रकारचा स्वेटर आहे. ऑक्टोबर होता. काकू म्हणाली, "गोंदियाले जाशील तं माह्यासाठी बी एक आण." मी हो म्हणालो.

शेवंताबाईला खरं माहीत होतं. तिच्या हातापाया पडून मी गप्प राहायला लावलं. "मी कोणाले सांगू?" ती म्हणाली. "पण तुले सारं आठवंल का रे, कोणाले काय सांगितलं ते?"

थापा टिकाव्यात म्हणून यशूला बेल्ट लपवावा लागायचा. बाहेर फटफटी थांबली की ती आतल्या खोलीत पळायची, पट्ट्या सोडायची, कवच खाटेखाली सरकवायची. दिवाळीचे दिवस. आमच्याकडे दिवसातून चार फटफट्या थांबतात.

दिवाळीनंतर मॅडमनी तिची पाठ बघितली आणि कपाळाला आठी घातली. बेल्ट रोज घातला की कातडीवर ठरावीक जागी गुलाबी खुणा राहतात. त्या पुसट झाल्या होत्या.

"बेल्ट निकालके रखती है क्या?"

यशूनं माझ्याकडे बघितलं नाही. "घरी कोणी आलं की काढते."

"और रोज़ कौन आता है?"

"मंडईचे दिवस आहेत, मॅडम. रोज कोणी ना कोणी येतेच."

मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलल्या. "अंकल, एक्सरसाइज़ से मदद होती है. लेकिन बच्ची बढ़ रही है. बेल्ट खटिया के नीचे रहेगा तो कर्व को कौन पकड़ेगा? इस ठंडी में फ़ोटो बिगड़ा तो सर्जन के पास भेजना पड़ेगा."

परतताना कालव्याच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना धान कापणीला आला होता. मागून यशूचा आवाज आला, "बाबा, बेल्ट टोचत नाही मले. लपवा लागते ते टोचते." मी आरशात बघितलं. तिनं तोंड धानाकडे फिरवलं होतं. आता सगळ्यांना खरं सांगून टाकायचं असं मी ठरवलं. मंडई झाल्यावर.

मंडईच्या दिवशी आमच्या अंगणात बसायला जागा नव्हती. वंदनानं कोंबडीचा रस्सा केला होता, भाताच्या गंज-पातेल्यातून वाफ निघत होती, गल्लीतून फुगेवाल्याची पिपाणी ऐकू येत होती. आपण तीन थापा तीन घरांना मारल्या, पण ती तीनही घरं आज एकाच सतरंजीवर जेवायला बसणार, हे माझ्या डोक्यात मी पहिला घास तोंडात घातला तेव्हा आलं.

धनराजनं रस्सा ओरपला आणि विचारलं, "मंग भाची कितव्या नंबरानं आली योगात?"

गौतमचा हात ताटात थांबला. "योगा? पडलेल्या पोरीले योगा कराले लावून राहिलात का तुम्ही?"

"कोण पडली?"

"यशू! मोहाच्या झाडावरून. मले बाबूनंच सांगितलं." बाबू म्हणजे मी.

"मले तं बाबूनं योगाचा ड्रेस म्हणून सांगितला!"

काकूला कानांनी कमी ऐकू येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं. ती म्हणाली, "ड्रेस नाई होय, सुटर होय तो. माहा अजून नाई आणला यानं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात भात होता, आणि मी तो शक्य तितका सावकाश चावत होतो. शेवंताबाईनं पदर तोंडाला लावला होता, पण तिचे खांदे हलत होते.

"आता चौथी सांग," धनराज म्हणाला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून पट्ट्यांचा चरचर आवाज आला आणि यशू बाहेर आली. तिनं बेल्ट फ्रॉकच्या वरून घातला होता. पांढराशुभ्र, ढालीसारखा. ती काकूच्या समोर जाऊन उभी राहिली.

"हा स्वेटर नाही, आजी. माह्या पाठीचं हाड वाकडं वाढून राहिलं. ते अजून वाकडं होऊ नये म्हणून हा धरून ठेवते. मी पडली नाही, आणि योगात माझा नंबर बी नाही."

काकूनं हात लांब करून बोटाच्या हाडानं बेल्टवर टकटक केलं. "मडक्यावाणी वाजते गं!"

यशूला हसू फुटलं. मग गौतमनं वाजवून बघितलं, मग पोरांनी. "दुखते का?" कोणीतरी विचारलं. "गरम होते," ती म्हणाली. "पण काढला तं आतमधी वळण वाढते. मले दिवसभर घालून राहा लागते, कोणी येवो का नाही येवो."

कोपऱ्यातून एक पाहुणी हळूच म्हणाली, "मंग हिच्या लगनाचं..."

शेवंताबाई ताटावरून अर्धी उठली. "तुह्या पोराले द्यायची हाय का आम्हाले? मंग? भात घे अजून."

मग व्यायामांची चौकशी सुरू झाली. बेल्ट उतरवून, उजवी बाजू धरून, टेलला पाणी कसं जातं ते यशूनं सगळ्यांना करून दाखवलं. पोटभर जेवलेले पाहुणे सतरंजीवर सरळ बसून, डोळे मिटून, एका कुशीत श्वास भरत होते. धनराजला ठसका लागला. झाल्याझाल्या यशूनं बेल्ट परत चढवला. मागच्या पट्ट्या काकूनं ओढून दिल्या, बैलाचा पट्टा ताणावा तशा. आणि यशू फ्रॉकवरून बेल्ट तसाच घालून नात्यातल्या बहिणींसोबत दंडार बघायला गेली. मी म्हणालो, "निदान आतून तरी घाल." कोणी ऐकलं नाही.

त्यानंतर फटफट्या येत राहिल्या, पण आतल्या खोलीकडे कोणी पळालं नाही. धान कापून झाला, मळून-चुरून झाला, शेतात खुंट राहिले. थंडी पडली तेव्हा काकू रोज संध्याकाळी येऊन यशूच्या कवचाकडे बघायची आणि म्हणायची, "आता तं खरंच सुटर होय तो."

मग नागपूर. डॉक्टरांनी पेटीतला दिवा लावला आणि जुना फोटो, नवा फोटो, दोन्ही शेजारी लावले. मी पुढे वाकलो. चष्मा पुसला. माझ्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत होते. इतका घाम, इतका श्वास, आणि हे जसंच्या तसं? डॉक्टरांनी पट्टी लावून रेघा ओढल्या, मोजलं, परत मोजलं.

"काही फरक नाही," ते म्हणाले, आणि हसले. "ती एवढी उंच झाली, तरी वळण जिथे होतं तिथेच आहे. आपल्याला हेच हवं होतं. असंच चालू ठेवा."

यशूनं दोन्ही हात तोंडावर धरले. मग खुर्चीवरून उठली आणि मला म्हणाली, "बाबा, आता सगळ्यांना फोन करा. अन् सगळ्यांना एकच सांगा."

मी दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन पहिला फोन शेवंताबाईला लावला. नाक ओढत म्हणालो, "बाई, काही फरक नाही."

तिकडून ती म्हणाली, "फरक नाई, तं मंग रडून काऊन राहिलास रे?"